तुझ्या गाडीचा क्लच

प्रिय आई,

गाडी सुखरूप आहे आणि मीही. हा क्रम मुद्दाम लावलाय. पत्र उघडल्यावर तू आधी गाडीचं काय ते शोधणार आणि माझ्याकडे मग वळणार, हे मला ठाऊक आहे. टाकीवर ओरखडा नाही, आरसे जागेवर आहेत, मागच्या पेटीतलं तुझं सामान कोरडं आहे. लांब हातमोज्यांचा एक जोड तेवढा मी वापरला. त्याबद्दल पुढे लिहिते.

निघताना तू म्हणाली होतीस, "गाडीत काही वाटलं तर फोन नको करूस, लिही." तेव्हा मी हसले. हल्ली कोण लिहितं, असं म्हणालेसुद्धा. पण मग विचार केला, की तुझं बरोबर आहे. फोनवर तुझ्याकडे तीनच वाक्यं असतात. "मी मजेत." "तू जेवलीस का?" आणि "ठेवते, गोठ्यातून बोलतेय." तिसऱ्या वाक्यानंतर मागे गाय हंबरते, त्यामुळे खोटं बोलतेस असंही म्हणता येत नाही. पत्रात तुला ठेवते म्हणता येणार नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, वजनं तपासायच्या खोलीत बसून लिहितेय. इथे पंखा लावायची परवानगी नाही, वाऱ्याने काटा हलतो. शांत खोली आहे. बाहेर चार दिवस झाले, पाऊस थांबलेला नाही.

तर रविवार. माझी गाडी तुझ्या गावच्या मेकॅनिककडे टाकावी लागली ती चेनमुळे. चेन आणि दोन्ही दातेरी चक्रं एकदमच बदलायला हवीत, सुटे भाग मागवावे लागतील, असं तो म्हणाला. वर, "ताई, लोकांचे तराजू तपासता आणि स्वतःची चेन तपासत नाही?" हेही ऐकवलं. मी बसने जायला तयार होते. तू भांडी पुसत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "माझी घेऊन जा. या आठवड्यात मला कुठे जायचं नाही."

आई, तुझ्या या एका वाक्यात न पटणाऱ्या दोन गोष्टी होत्या आणि मी दोन्ही ऐकून सोडून दिल्या. पहिली, की तुझी गाडी तू कुणाला देत नाहीस. बाबा होते तेव्हा त्यांनाही देत नव्हतीस. "गाडी आणि सुई, दोन्ही माणसाच्या हाताला बसतात, दुसऱ्याने धरली की बिघडतात," हे तुझंच वाक्य. मामाने एकदा न विचारता नेली होती, तर तो परत येईपर्यंत तू अंगणात उभी होतीस आणि आल्यावर त्याच्याशी नाही, गाडीशी बोललीस. दुसरी गोष्ट, जनावरांच्या डॉक्टरला आठवडाभर कुठेच जायचं नाही, असा आठवडा माझ्या आठवणीत नाही. माझ्या बारावीच्या निकालादिवशीसुद्धा तू एका घोडीपाशी होतीस.

चावी तू हातात दिली नाहीस, टेबलावर ठेवलीस. "चढावर सांभाळ, हल्ली तिचा दम कमी झालाय," म्हणालीस. आभाळ तेव्हा स्वच्छ होतं. डोंगरापलीकडे काय शिजतंय ते तुला दिसत नव्हतं, मलाही नाही. तेव्हा त्याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस. तू लावशील म्हणून आधीच लिहून टाकते.

गावाबाहेर पडेपर्यंत मला एवढंच जाणवलं, की तुझ्या गाडीवर मी पाहुणी आहे. क्लचची दांडी आत वाकवलेली, मुठीच्या अगदी जवळ. मुठीवर सायकलच्या ट्यूबचे इतके वेढे, की ती मुसळासारखी जाड. माझी बोटं तिच्याभोवती नीट मिटेनात. मला वाटलं, तुझी आवड. तू चमचेही जाड दांड्याचेच निवडतेस. पहिल्या चौकात एक कुत्रं आडवं आलं. मी हॉर्नसाठी डावा अंगठा नेला, तर तिथे हॉर्नच नाही. बटण काढलेलं, भोकावर चिकटपट्टी. कुत्रं स्वतःच्या अकलेने वाचलं. मग गाडी बाजूला घेऊन शोधलं, तर हॉर्न उजव्या हाताला, ब्रेकच्या दांडीखाली आणि बटण चक्क दारावरच्या घंटीचं! पांढरं, गोल, वर घंटेचं चित्र. दाबताना आतून कोणीतरी "कोण आहे?" म्हणेल असं वाटलं. मी मोठ्यांदा हसले. तुझी ही सवय मला नवी नाही. सलाईनच्या बाटलीला नळ लावून तू झाडांना पाणी घालतेस. घरातली कुठली वस्तू कुठल्या जन्मी काय होती, हे आपल्याकडे विचारायचं नसतं.

पहिल्या चढावर वारा लागला. दुसऱ्या वळणावर पाऊस, आणि तो वरून नाही, बाजूने. हेल्मेटची काच पुसायला डावा हात सोडला की गाडी उजवीकडे सरकायची. पुढे लोखंडी नळ्या भरलेला एक ट्रक होता, त्याच्या चाकांतून उडालेला चिखल थेट छातीवर. तरी हे सगळं मी आधी केलंय. पावसात गाडी मी तुझ्याकडूनच शिकले. ब्रेक मारायचा नाही, मागायचा. पण मधल्या उभ्या चढावर ट्रकने वेग टाकला, मी त्याला ओलांडायला बाहेर घेतली, मूठ पिळली आणि इंजिन ओरडलं. नुसतं ओरडलं. गाडी पुढे जाईना. आवाज चढतोय आणि काटा उतरतोय. समोरून दिवे येताना दिसले. मी ट्रकच्या आणि त्या दिव्यांच्या मधोमध, आणि माझ्याखाली एक गाडी जिला धाप लागलीय. डावा पाय टेकला, मूठ सोडली, गाडी मागे घसरू दिली आणि ट्रकच्या मागे पुन्हा शिरले. समोरची मोटार शिव्या घालत गेली. घालायलाच हव्या होत्या.

घाबरवायला लिहीत नाही. झालं ते झालं तसं लिहितेय. याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वळणापलीकडे ट्रकांचा वजनकाटा आहे. रविवार म्हणून केबिन बंद होती, पण पत्र्याची शेड होती. त्या काट्यावर शिक्का आमच्याच वजनमाप खात्याचा. त्या दिवशी प्रथमच वाटलं, की सरकारी नोकरीचा काहीतरी उपयोग आहे, निदान डोक्यावर ओळखीचा पत्रा आहे. नळ्यांचा ट्रकवालाही तिथेच थांबला. वयस्कर माणूस, थर्मासमधून चहा ओतत मला पाहत होता. मी गाडी स्टँडवर लावून क्लचची केबल चाचपत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत असणार. तो म्हणाला, "बाई, गाडी तुमची नाही वाटतं?" मी विचारलं, कशावरून. "आपल्या गाडीला माणूस शिव्या देतं. तुम्ही तिच्याशी भांडताय." मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "घरातली दिसतेय." चहा त्याने विचारला नाही, सरळ पुढे केला. हातमोजे भिजून जड झाले होते, म्हणून तुझ्या पेटीतले लांब मोजे चढवले, खांद्यापर्यंत येणारे. ट्रकवाल्याला ते बघून चहाचा ठसका लागला. "गाडी विते आहे का?" म्हणाला.

मला तेव्हा तुझा राग आला होता. क्लच घसरतोय हे उघड होतं. केबल इतकी ताणलेली, की दांडीला जरासुद्धा मोकळी जागा नाही. दांडी सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि चढावर जोर लागला की आतल्या प्लेटा एकमेकींवरून सरकतात. हे दुर्लक्षाचं लक्षण आहे, असं मी मनात तुला सुनावत होते. जनावराच्या खुरातला खडा तुला दहा पावलांवरून दिसतो आणि स्वतःच्या गाडीचा क्लच दिसत नाही? केबल सैल केली, थोडी मोकळी जागा दिली. घसरणं कमी झालं, थांबलं नाही. म्हणजे दोष आणखी आत होता. पाऊस ओसरल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे मागे, वरातीतल्यासारखी डोंगर चढले. ट्रकवाला प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून मी आहे ना बघत होता.

त्या संथ चढावर करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आठवत बसले. मी सात-आठ वर्षांची असताना तू मला सुट्टीत मागे बसवून न्यायचीस. शाळा बंद, बाबा कामावर, मला कुठे ठेवणार? मी दोन्ही हातांनी तुझा कोट धरायची. घरी परतताना मला झोप लागायची आणि दर वेळी, अगदी डोळा लागायच्या क्षणी, तू गाडी थांबवायचीस. मागे न बघता. मला ती जादू वाटायची. मी विचारलं, तर म्हणालीस, "जादू कसली? तुझी पकड सैल झाली की मला कळतं."

आणि तो लंगडणारा घोडा. मालक सांगत होता, कालपासून पुढचा उजवा पाय टेकत नाही. तू मला जवळ बोलावून विचारलंस, कुठला पाय दुखतोय. मी सगळ्यांसारखी पुढच्या उजव्याकडे बोट दाखवलं. तू म्हणालीस, "दुखरा पाय नको बघूस. तो लपवतोय. बाकीचे तीन काय जास्तीचं करतायत ते बघ." मी बराच वेळ पाहत राहिले आणि मग दिसलं, की घोडा मान कशी टाकतोय, मागचा डावा कसा आधी उचलतोय. "जनावर सांगत नाही," तू म्हणालीस. "दुखतंय हे दिसलं की कळप मागे टाकतो, हे त्याला माहीत असतं." घोड्याचा मालक म्हणाला, डॉक्टरीणबाई, पोरीला आत्तापासून शिकवताय. तू म्हणालीस, "ही नाही होणार डॉक्टर. ही फूटपट्टी आहे." ते नाव तेव्हापासूनचं.

हे आठवत असतानाच मी तुझ्या गाडीच्या मुठींकडे पाहिलं. उजव्या मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, नक्षी पार गेलीय. डावीवरची ट्यूब तशीच्या तशी. उजव्या हाताला वेग, ब्रेक, हॉर्न, शिवाय दिव्याचं बटणही तू तिकडेच नेलंयस, ते मला त्या चढावर कळलं. डाव्या हाताकडे दोनच कामं उरली होती. एक वळणाच्या दिव्याचं. त्याच्या इवल्याशा खुंटीला तू सिरिंजचा दट्ट्या चिकटवलायस, म्हणजे अंगठ्याची गरज नाही, तळहाताने ढकलता येतं. आणि दुसरं क्लच. तो कुणालाच दुसरीकडे नेता येत नाही.

मी बाकीचे तीन पाय बघत होते, आई.

तरीही मी अंदाजावर काही लिहीत नाही, तुला माहीत आहे. मंगळवारी अर्धी रजा टाकली आणि ऑफिसच्या मागच्या आवारात, पत्र्याखाली, गाडी उघडली. आधी दांडीला आमचा स्प्रिंगकाटा अडकवून किती जोर लागतो ते पाहिलं. आकडा देत नाही. तुला आकडा कधीच नको असतो, तू "वाढलं की उतरलं" एवढंच विचारतेस. उतरलं होतं, खूप. मग ऑइल काढलं आणि क्लचचं झाकण उघडलं. झाकणाखालचं, तेल अडवणारं गॅस्केट जाड कागदाचं, घरी कापलेलं. त्याची कड इतकी स्वच्छ, की कात्री नव्हेच. भोकांच्या गोलाईत पातं कुठेही उचललेलं नाही. एवढ्या सरळ हाताने पातं चालवणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. म्हणजे हे मेकॅनिकने केलेलं नाही. तू स्वतः, दार लावून, केलंयस. आत चारही स्प्रिंगा बदललेल्या, कुठल्यातरी लहान गाडीच्या. दाबायला सोप्या आणि म्हणूनच प्लेटा धरून ठेवायला अपुऱ्या. तू काय केलंस ते एका वाक्यात लिहायचं तर दुखणं हाताला झालं आणि औषध गाडीला दिलंस. तुझ्याकडे कुणी असं जनावर आणलं असतं आणि म्हणालं असतं, की लंगडतंय म्हणून मी गोठ्याची पायरी काढून टाकली, तर तू त्याला काय काय बोलली असतीस ते मला ऐकू येतंय.

इथवर मी शांत होते. खरंच. यंत्र उघडलं की मला बरं वाटतं, दोष कुठेतरी असतो आणि तो सापडतो. मग हॉर्नची तार पाहिली. ती तू टाके घालायच्या काळ्या रेशमाने दांड्याला बांधलीयस. तुझी गाठ मी ओळखते. बुटाची नाडी मी त्याच गाठीवर शिकले, वर्गात माझ्या नाड्या कधी सुटल्या नाहीत आणि सोडवायला कुणाला जमल्याही नाहीत. तुझ्या गाठीचे दोन्ही पदर सारखे बसतात, कारण दोन्ही हात सारखे ओढतात. ही गाठ एका बाजूला कललेली होती. उजवा पदर घट्ट, डावा सैल, वर एक जास्तीची गाठ, तीही तशीच. मी भिंग आणलं, आमच्याकडे चांगली भिंगं असतात. डाव्या पदराचं टोक चपटं झालं होतं, धागे पिंजलेले. ते दातात धरून ओढलेलं होतं.

टाक्याच्या दोऱ्याला टेबलाची कड लागली तरी तो टाकून देणारी तू.

मी भिंग खाली ठेवलं आणि थोडा वेळ आवारातल्या नळाखाली हात धूत राहिले. हात तेलकट झाले होते.

त्यानंतर रविवारच्या सगळ्या गोष्टी आपोआप रांगेत आल्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्यापुढे सरकवून "तू उघड, तुझे हात तरणे," म्हणालीस. कोटाची बटणं जाऊन तिथे चेन आलीय. भांडी मला घासू दिलीस आणि स्वतः फक्त पुसत होतीस, ताटली छातीशी दाबून. चावी टेबलावर ठेवलीस. मी हे सगळं पाहिलं होतं, पण एकेक करून. आमच्या कामात याला काटा सरकणं म्हणतात. काटा रोज केसभर सरकतो, म्हणून रोज वापरणाऱ्याला कळत नाही, त्याला वाटतं आपलं वजन बरोबर आहे. बाहेरून कुणीतरी खात्रीचं वजन आणून ठेवावं लागतं, तेव्हा कळतं. मी महिन्यातून एकदा बाहेरून येते, पण हातात काही नसतं. यावेळी तुझी गाडी होती.

मग मी कंपाउंडरकाकांना फोन केला. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणजे त्यांच्या मते. मी विचारलं, आईचा डावा हात कसा आहे. आधी ते म्हणाले, "बाई एकदम ठणठणीत आहेत." मग बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "हे बघ, मला काही विचारू नकोस, आणि मी काही सांगितलं नाही असं सांग." मी म्हटलं, काका, तुम्ही खरंच काही सांगितलं नाही. तर म्हणाले, "तेच तर. सुया मी भरतो, दोर मी ओढतो, गाठी मी मारतो, आणि सांगायचं मात्र काही नाही. माझ्या गाठी म्हणजे काय, तुला माहीतच आहे. परवा एका शेळीने माझ्याकडे बघून तोंड फिरवलं." हसत होते, पण फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "वासरं यायचे दिवस जवळ आलेत गं. एखादं आडवं आलं तर आत हात घालून फिरवायचं कुणी? तिथे मला पाठवता येत नाही." तेवढंच. त्यांच्याकडून शब्द घेतला होतास ना तू गप्प बसण्याचा? त्यांनी तो पाळला, असं धर.

म्हणजे प्रश्न नुसत्या गाडीचा नाही, हे मला कळलंय. तू घाबरलीयस ती चढाला नाही. आत हात घातल्यावर बोटांनी ऐकलं नाही तर, याला घाबरलीयस. डॉक्टरकडे गेलीस तर तो त्याला नाव देईल आणि नाव मिळालं की लोक बोलवायचे थांबतील, असं तुला वाटतंय. कळप मागे टाकतो. मी तुझ्या जागी असते तर मीही आधी स्प्रिंगाच बदलल्या असत्या, हे कबूल करायला मला आवडत नाही, पण खरं आहे. आपण दोघी एकाच साच्यातल्या. फक्त मी घट्ट स्प्रिंगेची, असं बाबा म्हणायचे.

आता शेवटचं आणि ज्यासाठी एवढं लिहिलं ते. मंगळवारी झाकण उघडायच्या आधी पान्यासाठी मी तुझी पेटी उपसली. सगळ्यात वर, तुझ्या लांब मोज्यांच्याही वर, सुया उकळायचा तो जुना स्टीलचा डबा होता. रविवारी पावसात मी मोजे काढले तेव्हाही तोच आधी हाताला लागला होता, पण तुझ्या सुया म्हणून बाजूला ठेवला. मंगळवारी उघडला. आत गाडीच्या मूळच्या चार स्प्रिंगा, तेलातल्या गॉझमध्ये एकेक वेगळी गुंडाळलेली. ज्याला लपवायचं असतं तो त्या फेकून देतो, किंवा फडताळाच्या मागे टाकतो. तू त्या पेटीत सगळ्यात वर ठेवल्यास, मग आयुष्यात पहिल्यांदा गाडी दुसऱ्याच्या हातात दिलीस, आणि म्हणालीस, काही वाटलं तर लिही. याला पुरावा म्हणता येणार नाही. पण जनावर सांगत नाही, ते फक्त पाय पुढे करून उभं राहतं, तेव्हा बघणाऱ्याने बघायचं असतं, हेही तूच शिकवलंयस. तर मी बघितलं. मला काही वाटलं. म्हणून लिहिलं.

मूळच्या स्प्रिंगा मी परत बसवल्या आहेत. क्लच आता घसरत नाही आणि तुला तो दाबताही येणार नाही. दोन्ही मला माहीत होतं आणि दोन्ही मुद्दाम केलंय, तेव्हा रागाव, पण समजून रागाव. दांडीचा बाक, जाड मूठ आणि घंटीचं बटण तसंच ठेवलंय, ते तुझं आहे. माझी गाडी तयार झाल्याचा मेकॅनिकचा निरोप कालच आला, मी त्याला सांगितलंय, राहू दे. शनिवारी पहाटे मी तुझ्याच गाडीने डोंगर उतरून येते. पाऊस असेल, असू दे. नसांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, माणसांच्या. ते काय नाव देतील ते मला माहीत नाही, आणि मी अंदाज करत नाही. वासरं यायला लागली, की मी रजा घेऊन येईन आणि तू सांगशील तसा हात आत घालीन. मोज्यांचा मला आता सराव आहे. तू फक्त कोट घालून दारात उभी राहा आणि मागे बस. आणि मागे बसलीस की मला डाव्या हाताने धर, उजव्याने नाही. जेवढं धरता येईल तेवढंच. पकड कुठे सैल होते ते मला कळेल आणि तिथे मी गाडी थांबवीन.

तुझीच,
फूटपट्टी